हिवाळ्यातील परसबाग : अंगणात आणि घरात

कोजागरीची पौर्णिमा उलटली म्हणजे पावसाळी ढग ओसरतात, आकाश निवळते आणि पहाटे गवताच्या पात्यांवर दव दिसू लागते. शेतकऱ्याचे सारे लक्ष आता रब्बीच्या पेरणीकडे वेधलेले असते. ज्वारी, हरभरा, गहू यांच्या धांदलीत घरामागची चार हात जागा मात्र बहुधा विस्मरणात जाते. पावसाळ्यात उगवलेला तरोटा व आघाडा तेथे वाळून उभा असतो आणि न्हाणीचे पाणी एका कोपऱ्यात साचून डासांची पैदास वाढवीत असते. वास्तविक पाहता, आपल्या राज्यात परसबागेला हिवाळ्याइतका अनुकूल असा दुसरा ऋतू नाही. या दिवसांत विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते, बाष्पीभवन कमी असल्यामुळे पाण्याच्या पाळ्या लांबतात, तणांचा जोर ओसरलेला असतो आणि पालेभाज्या, मुळवर्गीय भाज्या, कोबी, वाटाणा यांना मानवणारी थंडी आयतीच लाभते. उन्हाळ्यात जी मेथी चार दिवसांत फुलावर येऊन कडू होते, तीच हिवाळ्यात रुंद पानांची व रसाळ होते.

परसबागेचा विचार करताना आपण तो केवळ भाजीच्या खर्चाच्या बचतीपुरता करतो, आणि म्हणूनच पुष्कळांना तो पटत नाही. 'हिवाळ्यात भाजी बाजारात मातीमोल असते, मग घरी लावण्याचा खटाटोप कशाला?' असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही तितकेच सरळ दिले पाहिजे.

बाजाराचा दिवस आणि उरलेले सहा दिवस

आपल्या बहुतेक खेड्यांत भाजीपाला येतो तो आठवड्याच्या बाजारातून. बाजाराच्या दिवशी मेथी, पालक, कोथिंबीर घरात येते. तो दिवस आणि फार तर दुसरा दिवस हिरव्या भाजीचा जातो. तिसऱ्या दिवशी जुडी पिवळी पडते. त्यानंतर पुढच्या बाजारापर्यंत बटाटा, डाळ, पिठले आणि ठेचा यांवरच भागविले जाते. भाजी स्वस्त असूनही ती ताटात रोज नसते, याचे कारण पैशाचा अभाव नसून अंतर आणि दिवस हे आहे. परसबाग ही नेमकी या उरलेल्या दिवसांसाठी आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला असावा, असे सुचविले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने रोज दीड ते दोन किलो भाजी लागेल. आपल्या घरात प्रत्यक्षात किती भाजी शिजते, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे. त्यातही जी शिजते ती प्रथम पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जाते आणि घरची स्त्री शेवटी जेवावयास बसते तेव्हा पातेल्यात रस्साच उरलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाजीपाला पिकविणाऱ्या राज्यात ही अवस्था असावी, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. केवळ पालेभाजी खाल्ल्याने रक्तक्षय बरा होतो, असे समजू नये. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्याच लागतात. शिवाय पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला आंबट पदार्थातील क जीवनसत्त्वाची जोड लागते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा, कच्चा टोमॅटो असावा, आणि जेवणाला लागून चहा घेणे टाळावे. सुदैवाने आवळा, लिंबू व टोमॅटो ही तिन्ही फळे हिवाळ्यात मुबलक असतात.

जागा, ऊन आणि सावली

परसबागेसाठी अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर जागा मिळाली तर उत्तमच. परंतु त्याच्या निम्मी जागाही वाया जात नाही. जागा निवडताना हिवाळ्यातील उन्हाचा मार्ग ध्यानी घ्यावा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली दुपारी बाराला उत्तरेकडे नऊ फूट पडते, आणि सकाळ-संध्याकाळी ती याहून लांब असते. तात्पर्य, घराच्या उत्तरेला परसू असेल तर पहिला वाफा भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून धरावा. भिंतीलगतच्या सावलीच्या पट्ट्यात अळू, पुदिना किंवा खताचा खड्डा ठेवावा. दक्षिणेचे व पूर्वेचे अंगण मात्र हिवाळी बागेस सर्वोत्तम होय.

याच न्यायाने उंच वाढणारी पिके, म्हणजे काठीवर चढविलेला टोमॅटो, मांडवावरचा वाल किंवा पावटा, बागेच्या उत्तर बाजूस असावीत. ती दक्षिणेस लावल्यास मागील वाफे दिवसभर सावलीत राहतात आणि पालेभाज्या लांबट, फिक्या होतात.

कोंबड्या व शेळ्या यांपासून संरक्षण केल्याखेरीज बीच पेरू नये. बोरीच्या किंवा बाभळीच्या फांट्यांचे कुंपण तात्पुरते पुरते. कायमच्या कुंपणासाठी शेवगा, अडुळसा, मेंदी यांची ओळ लावावी. शेवग्याची पाने व शेंगा भाजीसाठी होतात, आणि छाटून तो आटोक्यातही ठेवता येतो.

दहा वाफ्यांची आखणी

दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद जागेत तीन मीटर लांबीचे व एक मीटर रुंदीचे दहा वाफे सुखाने बसतात. उरलेली जागा वाटा, कुंपण व खतासाठी राहते. वाफ्याची रुंदी एक मीटरच ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय देऊन माती दाबली जात नाही. जमीन टिचभर खोल खणून ढेकळे फोडावीत व प्रत्येक वाफ्यात तीन-चार घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत घालू नये, त्याने हुमणी व वाळवी येते.

दहांपैकी तीन वाफे मेथी, पालक, कोथिंबीर व शेपू यांना द्यावेत. एक वाफा मुळा व बीट यांना, एक गाजराला, एक कांदा व लसूण यांना, एक वाटाण्याला, एक कोबी व फुलकोबी यांना, एक टोमॅटोला आणि उरलेला एक वांगी व मिरची यांना राखावा. कोबीवर्गीय भाज्यांना ४५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका वाफ्यात बारा ते चौदा रोपे बसतात. लसणाच्या पाकळ्या दहा ते पंधरा सेंटिमीटरवर, टोक वर करून टोचाव्यात. पाकळ्या टपोऱ्या निवडाव्यात, कारण बारीक पाकळीला गड्डाही बारीकच येतो. धने पेरण्यापूर्वी हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत, म्हणजे उगवण लवकर व सारखी होते.

जातींच्या बाबतीत पालकात 'ऑल ग्रीन', मेथीत 'पुसा अर्ली बंचिंग' व 'कसुरी', गाजरात 'पुसा केसर', कोबीत 'गोल्डन एकर', वाटाण्यात 'अर्केल' व 'बोनव्हिला', वांग्यात 'मांजरी गोटा' या जुन्या, अनुभवास उतरलेल्या जाती आहेत. तथापि आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले घरगुती बी हाती असेल तर त्याचा अव्हेर करू नये. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खानदेशात हिवाळ्यातील भरिताची जी पंगत बसते, तिची चव त्या स्थानिक वाणातच आहे.

एकदाच पेरू नका

परसबागा फसतात त्या रोगाने किंवा किडीने कमी आणि एकाच दिवशी सर्व बी पेरल्याने अधिक. बियांचे पाकीट हाती आले की संपूर्ण वाफाभर मेथी पेरली जाते. तीस दिवसांनी ती सर्व एकदम काढणीस येते. दोन दिवस घरात व शेजारी वाटली जाते, उरलेली फुलावर येते, आणि पुढे महिनाभर वाफा रिकामा राहतो. बाजाराच्या भाजीचा जो दोष, तोच आपण घरच्या बागेत आणतो.

याऐवजी पालेभाज्यांच्या प्रत्येक वाफ्याचे तीन तुकडे कल्पावेत व दर आठ-दहा दिवसांनी एक तुकडा पेरावा. मेथीच्या एका पूर्ण वाफ्यास दहा ते पंधरा ग्रॅम बी पुरते व त्यातून साधारण दोन किलोपर्यंत भाजी निघते. म्हणजे एका तुकड्यातून पाच माणसांच्या घरात एक वेळची भाजी पोटभर होते. पालक उपटू नये. जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो व तीन-चार कापण्या देतो. मुळाही असाच टप्प्याने पेरावा. तो ४० ते ४५ दिवसांत काढला नाही तर जून व पोकळ होतो. मुळ्याचा पाला टाकून देण्याची चाल मात्र सोडावी. तो पाला कंदाहूनही पौष्टिक आहे.

भोगीची भाजी घरच्या वाफ्यातून

हिवाळी बागेला एक मुक्कामाचा दिवस हवा असेल तर तो भोगीचा धरावा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, वाटाणा, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे यांची तीळ घातलेली मिसळभाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी असे जेवण आपल्याकडे घरोघर होते. आपल्या पूर्वजांनी त्या दिवशी एका भांड्यात जणू सर्व हिवाळी बाग एकत्र केली आहे. ही सर्व भाजी स्वतःच्या परसातील असावी, असा संकल्प कुटुंबाने करावा, आणि त्यासाठी दिवस उलटे मोजावेत.

भोगी साधारणतः १३ जानेवारीस येते. वांग्याला लागणीपासून सुमारे ७० ते ७५ दिवसांनी फळ येते, म्हणून त्याची रोपे सप्टेंबरात तयार करून ऑक्टोबरअखेर लावलेली हवीत. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात. ते ऑक्टोबरच्या मध्यास पेरावे. सोलाण्यासाठी हरभरा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टोकावा. वाटाणा नोव्हेंबर लागताच पेरावा आणि घेवडा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पावट्याचा वेल मात्र पावसाळ्यातच लावलेला असावा लागतो. तो यंदा नसेल तर शेजाऱ्याकडून शेंगा घ्याव्यात व पुढील वर्षासाठी त्यांतीलच बी राखावे. मेथी शेवटी, डिसेंबरच्या मध्यास. ही तालिका भिंतीवर खडूने लिहून ठेवली तर घरातील मुलेच तिची आठवण देतात, असा अनुभव येईल.

कोकणातील बंधूंना हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडणार नाही. तेथे थंडी सौम्य असते. भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल येतो, तसेच लाल माठ, मुळा व वांगी ही तेथील परसबागेची मुख्य पिके होत. रायगड जिल्ह्यात जानेवारीच्या सुमारास मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगांची जी पोपटी लावतात, ती याच हिवाळी बागेची देणगी आहे. विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रात थंडी कडक असते. तेथे वाटाणा व फुलकोबी उत्कृष्ट येतात. परंतु टोमॅटो, मिरची व वांगी यांच्या कोवळ्या रोपांना जपावे लागते.

पाणी व थंडीपासून बचाव

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवबिंदू गोठलेले आढळतात. निरभ्र आकाश आणि निवांत हवा अशा रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने वर निघून जाते व पहाटे पिकास थंडी बाधते. अशा रात्रीची चाहूल लागताच सायंकाळी वाफ्यांना पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक साठविते व रात्री ती हळूहळू सोडते. विहिरीचे पाणीही त्या वेळी हवेहून उबदार असते. पाणी मातीला द्यावे, पानांवर शिंपडू नये. रात्रभर ओली राहिलेली पाने करप्याला आमंत्रण देतात. रोपांवर रात्री गोणपाट किंवा गवताची तट्टी चार काठ्यांवर धरावी व सकाळी ऊन आले की काढावी. पालापाचोळा जाळून धूर करण्यापेक्षा तोच पाला वाफ्यांवर बोटभर जाडीने पसरावा. त्याने ऊब टिकते, ओल टिकते आणि शेवटी त्याचे खत होते.

घरातील सांडपाणी बागेस वापरण्यास हरकत नाही, मात्र विवेक पाळावा. भांडी घासण्याचे व न्हाणीचे साबणमिश्रित पाणी वाळू व विटांच्या तुकड्यांच्या खड्ड्यातून निथळून केळ, कर्दळ, नारळ यांना द्यावे. कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ते कदापि देऊ नये.

हिवाळ्यात ढगाळ हवा आली की कोबी, मोहरी व वालावर मावा पडतो. पहिल्या दिवशी तो दोन-चार शेंड्यांवरच असतो. ते शेंडे खुडून नष्ट करावेत. पुढे गेल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी दर लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी व किंचित साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारणी करावी. कोबीच्या कडेने मोहरीची व टोमॅटोच्या कडेने झेंडूची ओळ लावल्यास किडी तिकडे आकर्षित होतात आणि मुख्य पीक बऱ्याच अंशी वाचते. घरच्या ताटात जाणाऱ्या पालेभाजीवर विषारी कीटकनाशके मारू नयेत.

ओसरीवरील बाग

ज्यांच्या घरामागे वीतभरही जमीन नाही, अशी कुटुंबे गावात थोडी नाहीत. शेतमजूर, कारागीर, नव्या घरकुलात राहावयास गेलेले लोक यांना परसबाग सांगणे म्हणजे थट्टा वाटण्याचा संभव असतो. परंतु हिवाळ्यात निसर्ग त्यांनाही एक सवलत देतो. सूर्य दक्षिणेस कललेला असल्यामुळे दक्षिणमुखी ओसरी, पडवी, खिडकी यांत ऊन आतपर्यंत येते. उन्हाळ्यात जी जागा सावलीत असते ती हिवाळ्याचे तीन महिने उन्हात न्हाऊन निघते. तीच त्यांची बाग होय.

तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा कापून त्याचे दोन उथळ पेटारे करावेत. तळाला खिळ्याने भोके पाडावीत, कडा दुमडाव्यात म्हणजे हात कापणार नाही. दोन भाग माती व एक भाग कुजलेले खत भरून त्यात मेथी किंवा धने दाट टाकावेत. मेथी वीतभर होण्याची वाट न पाहता चार-सहा पाने येताच कात्रीने कापून कोशिंबिरीत, डाळीत, थालीपिठात घालावी. आठवड्याच्या अंतराने पेरलेले चार डबे असतील तर एक ना एक डबा सदैव कापणीस तयार राहतो. नारळाच्या करवंट्यांत भोक पाडून, माती भरून लसणाच्या पाकळ्या खोवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत लसणाची हिरवी पात मिळू लागते. कोंब फुटलेला कांदा टाकून न देता असाच लावावा. पुदिन्याची काडी तर कोठेही जगते.

ज्यांना परसबाग आहे त्यांनाही घरातील उबेचा उपयोग आहे. टोमॅटो, मिरची व वांगी यांचे बी थंडीत उगवण्यास फार दिवस घेते. ते परडीत किंवा उथळ पेटीत पेरावे. दिवसा ऊन दाखवावे व रात्री चुलीजवळच्या उबदार कोपऱ्यात आणून ठेवावे. जुन्या बियांची परीक्षाही घरात सहज होते. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेत ठेवाव्यात. आठवडाभरात त्यांतील चौदा-पंधरा उगवल्या तर बी पेरण्यास योग्य समजावे. निम्म्याच उगवल्या तर बी दुप्पट टाकावे किंवा बदलावे.

मटकी, मूग, हुलगे यांना मोड आणणे हीदेखील एका अर्थी घरातील शेतीच होय. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते. थंडीत मोडांना उन्हाळ्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणून भिजविलेले कडधान्य फडक्यात बांधून झाकणाच्या भांड्यात, उबदार जागी ठेवावे.

तुळस, फुले आणि विसावा

बाग ही केवळ पोटासाठी नसते. झेंडू, शेवंती व अॅस्टर या फुलांचा हाच बहराचा काळ आहे. वाटेच्या दोन्ही कडांना एकेक ओळ लावली तर देवाला व दाराला फुले होतात. घरात भांड्यात फुले ठेवावयाची असतील तर ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, तिरपी कापून तोडावीत, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत व पाणी रोज बदलावे. शेवंती आठवडाभर टवटवीत राहते. घरात कुंड्यांतून वाढविलेल्या झाडांना थंडीत पाणी कमी लागते. वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच द्यावे. पुष्कळ झाडे तहानेने नव्हे, तर रोजच्या पाण्याने मरतात. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि मार्गशीर्षात वृंदावनातील तुळस सुकते, हा नेहमीचा अनुभव आहे. तुळस थंडीस नाजूक आहे. वाळलेल्या मंजिऱ्या खुडाव्यात, त्यांतील बी जपावे, कुंडीत असल्यास ती दिवसभर उन्हाच्या जागी ठेवावी.

सकाळच्या कोवळ्या उन्हात म्हातारी माणसे वाफ्यांच्या कडेला शेंगा सोलीत बसलेली असावीत, मुलांनी गाजर उपटून, धुऊन तेथेच खावे, थंडीचा पाहुणा परीट पक्षी शेपूट हलवीत वाफ्यातील किडे टिपीत असावा, हे सुख बाजारातून पिशवीत भरून आणता येत नाही. मुलांना भाजी आवडत नाही अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी त्यांना एक तुकडा स्वतंत्र नेमून द्यावा. स्वतः पेरलेला मुळा मूल सहसा टाकीत नाही. २०२१ पासून शालेय आहाराच्या केंद्रीय योजनेतही शाळेच्या आवारात पोषणबाग करण्यास उत्तेजन दिलेले आहे. घरची बाग व शाळेची बाग यांचा मेळ घातल्यास बियांची व अनुभवाची देवाणघेवाण होईल.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी दोन शब्द

परसबागेचा प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी बियांचे वाटप म्हणजे काम संपले, असे मानू नये. बी एकदम न देता निम्मे आज व निम्मे तीन आठवड्यांनी द्यावे. दुसऱ्या खेपेस पहिली पेरणी पाहता येते व शंकाही कळतात. बैठक दुपारी, स्त्रियांना सवड असेल तेव्हा घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बागेचा सर्व भार घरच्या स्त्रीवर पडणार नाही याची काळजी घ्यावी. चूल, पाणी, मूल व शेतातील मजुरी यांत आणखी एका कष्टाची भर पडत असेल तर तिला ती बाग जाचच वाटेल. खणणे, खत वाहणे व कुंपण हे पुरुषांचे काम, पाणी घालणे मुलांचे, आणि काय लावावयाचे याचा निर्णय स्त्रीचा, अशी वाटणी ज्या घरात होते तेथे बाग टिकते. तसेच, बागेतील पहिली जुडी विकावयास न जाता घरात शिजावी, आणि घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे, म्हणजे जिच्यासाठी ही भाजी सर्वाधिक गरजेची, तिच्याही ताटात ती पडेल.

माघ लागला म्हणजे हिवाळी बाग आवरावयास येते. त्या वेळी सर्व काही काढून खाऊ नये. वाल, घेवडा, मेथी, धने, वांगी यांची चांगली दोन-तीन झाडे बियांसाठी राखून ठेवावीत. बी उन्हात वाळवून, चुलीची गाळलेली कोरडी राख मिसळून, मडक्यात तोंड बांधून ठेवावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी अशाच घरगुती बियांचा संग्रह केला, वाल व घेवड्याचे अनेक गावठी वाण त्यांनी जपले, आणि त्या कार्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री किताब जाहीर झाला. त्यांचे काम सुरू झाले ते घराच्या अवतीभवतीच्या जागेतूनच.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या भगिनी हळदीकुंकू करतात व एकमेकींना वाण लुटतात. सुगडात त्या जे भरतात, ते गाजर, बोरे, ऊस, हरभरा, गव्हाच्या ओंब्या, हे सारे याच ऋतूचे धन आहे. यंदा त्या वाणात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी घरच्या घेवड्याच्या मूठभर बियांची पुडी किंवा वांग्याचे एक रोप द्यावे. एका घरची बाग पुढील हिवाळ्यात दहा घरी पोचण्यास याहून सोपा मार्ग नाही.